निम्मा लाल

एकाच आकाराच्या दोन भोकांना ज्या माणसानं दोन वेगळी कामं वाटून दिली, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे. सोलापुरात ये म्हणावं, मे महिन्यात ये, भर दुपारी. तुला एक हॉल देतो, त्यात दोनशे माणसं बसवतो, पाहुणा व्यासपीठावर उभा करतो आणि त्याचा लॅपटॉप तुझ्या हातात देतो. लाव म्हणावं तुझी केबल. मी मागे खुर्ची टाकून बसतो.

माझं काम हेच आहे. सभा, शिबिरं, कंपन्यांच्या बैठका, कुणाच्या एकसष्टीला जुने फोटो दाखवायचे असतील तर तेही. प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन जायचं आणि वक्त्याच्या लॅपटॉपमधलं चित्र सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर आणायचं. सव्वीस वर्षं झाली. लोक मला प्रोजेक्टरवाले काका म्हणतात, नाव फारसं कुणाला माहीत नाही. सगळं सुरळीत चाललं की माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. अडलं की दोनशे माना एकदम माझ्याकडे वळतात.

प्रोजेक्टरनं मला फार छळलेलं नाही. त्याचा दिवा जातो, पंख्यात धूळ बसते, ते कळतं आणि दुरुस्तही होतं. मला छळलं ते बोटाएवढ्या एका तुकड्यानं. त्याला कोणी अडॅप्टर म्हणतं, कोणी कन्व्हर्टर. मी काय म्हणतो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगतो. पूर्वी आमचं काम सरळ होतं. निळं तोंड असलेली एक जाड केबल, तिच्यात पंधरा पिना, दोन बाजूंना दोन स्क्रू. लॅपटॉपला लावली की चित्र आलं. मग कंपन्यांना लॅपटॉप बारीक करायची हौस आली. जाड सॉकेट गेलं, चपटं आलं. चपटं रुळतंय तोवर त्याहून चिमुकलं आलं. दर चार-पाच वर्षांनी यांची नवी टूम. हॉलवाले मात्र जागचे हललेले नाहीत. त्यांची केबल गिलावा करतानाच भिंतीत पुरलेली. ती बदलायची तर भिंत फोडायची, भिंत फोडायची तर कमिटीची मीटिंग घ्यायची, आणि कमिटीत मान्यवर बसलेले. म्हणजे भिंतीत जुनी केबल, टेबलावर नवा लॅपटॉप आणि त्या दोघांचं लग्न लावायला मधे हा तुकडा. मोडलं की शिव्या भटजीला.

त्यातही सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते त्या नव्या बारक्या भोकानं. त्यात चार्जर बसतो, पेन ड्राइव्ह बसतो आणि काही लॅपटॉपांत त्यातून चित्रही बाहेर येतं. काहींत येत नाही. कुठल्यात येतं आणि कुठल्यात नाही हे वर कुठंही लिहिलेलं नसतं. माळशिरसला ऊस लागवडीच्या एका मेळाव्यात एक साहेब असाच लॅपटॉप घेऊन आले. मी म्हटलं, साहेब, यातून चित्र येणार नाही. ते म्हणाले, "अहो, बसतंय की व्यवस्थित." म्हटलं, बसतंय, पण चालणार नाही. "बसतंय तर चालणारच. न चालायला बसवलंय का ते?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. जगात दुसरं काहीही असलं असतं तर ते चाललंच असतं. पण चाललं नाही, आणि साहेबांनी माइकवरून सांगितलं की तांत्रिक व्यवस्था नीट नसल्यामुळे मी तोंडीच बोलतो. तांत्रिक व्यवस्था म्हणजे मी. त्यांच्यामागे हातात केबल धरून उभा.

दुसरा प्रकार एकाच बाजूनं चालणाऱ्यांचा. दोन्ही टोकं बसतात, पण चित्र इकडून तिकडं जातं, तिकडून इकडं येत नाही. विहिरीवरच्या मोटारीला जसा एकाच बाजूला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तसं. पण व्हॉल्व्हवर निदान बाण कोरलेला असतो. तिसरा प्रकार तापणाऱ्यांचा. जेऊरला पत्र्याच्या मंडपात एक कन्व्हर्टर अर्ध्या तासात एवढा तापला की चित्र यायचं आणि जायचं. मी तो पाऊण तास कूलरसमोर हातात धरून उभा होतो. लोकांना वाटलं काका वारा घेतायत.

सांगोल्याच्या बाजूला मेंढ्यांच्या आजारांवर शिबिर होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी बरेच फोटो गोळा करून आणले होते आणि त्यांच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपला माझ्याकडचा एकही तुकडा चालेना. वीस मिनिटं मी घामाघूम. पुढच्या रांगेत एक म्हातारे मेंढपाळ बसले होते, ते शेवटी उठले. "डागदर, ते डबडं ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "मेंढरं हितंच हायती. येकीच्या त्वांडावरच दावा काय ते." डॉक्टरांनी मेंढी मधे घेतली, तिचं तोंड उघडून दाखवलं, खूर दाखवले, आणि शिबिर लई झकास झालं. जाताना म्हातारबुवा मला म्हणाले, "तुमीबी लई कष्ट केलं." ते मनापासून म्हणत होते, म्हणून जास्त लागलं.

हे किस्से मी चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. पुढचा सांगत नाही. या अंकाच्या संपादकांनी कामातला एखादा न विसरता येणारा प्रसंग लिहा म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा हा आठवला आणि पहिल्यांदा हाच टाळावासा वाटला.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरच्या एका हॉटेल कंपनीची माणसं सोलापुरात टॉवेल-नॅपकिन घ्यायला येणार होती. मधे व्यापारी नको, थेट कारखानदाराकडून माल घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. सहा कारखानदारांना बोलावलं होतं, प्रत्येकाला वीस मिनिटं. पडद्यावर आपली डिझाइनं दाखवायची, हातात नमुने द्यायचे. हॉल जुना, भिंतीतली केबल जुनी, आणि प्रोजेक्टरवाला मी.

श्रीलता तासभर आधी येऊन बसली होती. तिशीतली मुलगी, शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, वडिलांचे आठ माग. वडील नरसय्या. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची डिझाइनं विणण्यात गेलेलं, मालावर लेबल व्यापाऱ्याचं. पोरगी डिझाइन शिकून आली आणि तिनं पहिल्यांदा घरची डिझाइनं काढली, रंगांच्या शेड स्वतः ठरवल्या, सूत स्वतः उभं राहून रंगवून घेतलं. हे सगळं तिनंच मला सांगितलं, कारण तिला धीर धरवत नव्हता.

"काका, माझ्या लॅपटॉपला ते जुनं सॉकेट नाही. चालेल ना?"

"आणा की. माझ्याकडे सगळं आहे."

"रंग नीट दिसले पाहिजेत हो. बाकी काही बिघडलं तरी चालेल." मग हळूच म्हणाली, "पप्पांनी सांगून ठेवलंय, हे काम आलं तर माग चालवायचे. नाहीतर विकून टाकायचे."

मी पिशवीतून एक कन्व्हर्टर काढला, लावला. पडद्यावर चित्र आलं. "हे बघा, आलं," मी म्हटलं आणि लगेच काढून घेतला, कारण आयोजकांना टेबलावर फुलं मांडायची होती. ती म्हणाली, काका, एक मिनिट बघू का नीट? म्हटलं, चित्र आलं म्हणजे काम झालं, निर्धास्त राहा.

इथंच माझी चूक आहे, आणि ती आमच्या धंद्यातल्या माणसाचीच चूक आहे. इतकी वर्षं न येणाऱ्या चित्राशी झगडून झगडून आम्हाला एकच गोष्ट दिसते, चित्र आलं की नाही आलं. चित्रात काय आहे ते आम्ही बघतच नाही. लग्नाचे फोटो असोत, मेंढीचा खूर असो, आम्हाला तो फक्त उजेड. हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या, मी वायरी सोडवत होतो, आणि चित्र आलं होतं.

तिच्या आधी तीन जण झाले. तिघांचेही जुने लॅपटॉप, जाड सॉकेटचे. केबल थेट बसली, काही अडलं नाही. चौथी श्रीलता. मी कन्व्हर्टर लावला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

बोलली छान. माग कसे आहेत, सूत कुठलं, धुतल्यावर काय होतं, सगळं मुद्द्याचं. बारा डिझाइनं होती, सगळी एका मरून रंगावर बेतलेली. बारापैकी दोन डिझाइनांचे नमुने तिनं विणून आणले होते, ते टेबलावर ठेवले. हॉटेलच्या मॅडमनी त्यातला एक नॅपकिन उचलला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा नॅपकिनकडे बघितलं.

"हा रंग तो नाहीये," मॅडम म्हणाल्या.

श्रीलतानं वळून पडदा बघितला. तिचा मरून तिथं वांग्यासारखा जांभळट दिसत होता, आणि काठाचा मोतिया रंग हिरवट मळका. "मॅडम, नॅपकिनवर आहे तोच खरा आहे. स्क्रीनवर काहीतरी वेगळं दिसतंय," ती म्हणाली.

मॅडमनी मला विचारलं, "प्रोजेक्टरमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? बघतो, दोन मिनिटं द्या. एवढंच. पिशवीत दुसरे चार कन्व्हर्टर होते. पण 'तांत्रिक व्यवस्था नीट नसल्यामुळे' हे वाक्य सव्वीस वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. प्रत्येकाची चूक माझ्या गळ्यात आलेली आहे. ते सगळं त्या क्षणी एकदम वर आलं आणि मी जरा चढ्या आवाजातच बोललो, "आमचं मशीन ओके आहे मॅडम. आधी तिघांचं बघितलं की तुम्ही. यांच्या लॅपटॉपमध्येच तसं असेल."

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्या श्रीलताला शांतपणे म्हणाल्या, "आमच्या दोनशे खोल्यांत सगळीकडे एकच शेड लागते. दोन नमुने दाखवलेल्या रंगाशी जुळत नसतील, तर उरलेल्या दहांचा भरवसा मी कसा धरू?" श्रीलतानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी प्रोजेक्टरकडे बघत होतो. तिनं नमुने घडी करून पिशवीत भरले आणि वीस मिनिटं व्हायच्या आत ती निघून गेली.

संध्याकाळी घरी सामान पुसून ठेवताना मनात खुटखुट होतीच. तोच कन्व्हर्टर माझ्या लॅपटॉपला लावला आणि भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो टाकला. बायकोचा शालू कुंकवासारखा लाल. भिंतीवर तो जांभळट काळा दिसत होता. दुसरा कन्व्हर्टर लावला, शालू लाल. पुन्हा पहिला लावला, जांभळा. त्या जुन्या केबलमधून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जातात. या हरामखोर तुकड्याच्या पोटात लालची तार कुठंतरी सुटायला आली होती. तुटली असती तर पडदा पार हिरवानिळा झाला असता आणि आंधळ्यालाही कळलं असतं. पण पुरती तुटली नव्हती. निम्मा लाल येत होता. चित्र येत होतं, आणि ते खोटं होतं.

तो तुकडा मी भिंतीवर फेकून मारला. फुटला नाही. मग स्वतःच वाकून उचलला आणि खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायला पाहिजे होतं. नाही गेलो. आता काय उपयोग, म्हटलं. मॅडम गेल्या असतील. आयोजकांच्या कानावर गेलं तर पुन्हा बोलावणार नाहीत. मुलगी हुशार आहे, दुसरं काम मिळेल तिला. अशी कारणं मला रोज नवीन सुचायची. असे पाच आठवडे काढले.

मग एका बैठकीत पूर्व भागातलाच एक कारखानदार चहा पिताना सहज म्हणाला, "नरसय्यानं चार माग विकले की. पोरीला रंगातलं काही कळत नाही म्हणत होता. हॉटेलवाल्यांनी तोंडावर सांगितलं म्हणे." मी चहा तसाच ठेवला.

त्या दिवशी आयोजकांकडून नंबर घेऊन हॉटेलच्या मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, कळवलंत ते बरं केलंत, पण काम दुसरीकडे दिलंय, माल निघालासुद्धा. म्हणजे आता त्या घरी न्यायला माझ्याकडे तो तुकडा सोडून काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टर, केबल आणि दोन कन्व्हर्टर घेऊन गेलो. नरसय्यांच्या कारखान्यात चार माग चालू होते. उरलेल्या जागी फरशीवर तेलाचे चार काळे चौकोन आणि बोल्टची भोकं. मी कोण ते सांगितलं. श्रीलतानं मला ओळखलं होतं. म्हटलं, तुमचा लॅपटॉप आणा, एक गोष्ट दाखवायची आहे. नरसय्यांनी माग थांबवले.

चुन्याच्या भिंतीवर मी तिचं पहिलं डिझाइन टाकलं, चांगल्या कन्व्हर्टरनं. मग तो दुसरा लावला. मग पुन्हा चांगला. तीनदा करून दाखवलं. तोंडानं फार सांगावं लागलं नाही. रंगाचं काम करणारी माणसं ती.

नरसय्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "म्हंजे पोरीचा लॅपटॉप खराब नव्हता," ते म्हणाले.

"नाही. हे खराब होतं. आणि मी बघितलं नाही."

"तुमाला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची तेवढी एकच जागा होती. काल कळलं म्हटलं असतं तरी खपलं असतं. "त्याच दिवशी संध्याकाळी," मी म्हटलं.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. "माग गेले त्याला पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं.

श्रीलता आत जाऊन तो नॅपकिन घेऊन आली आणि तिनं तो भिंतीवरच्या मरूनला लावून धरला. दोन्ही रंग एकच होते. नरसय्या जवळ गेले, कापडावरून बोट फिरवलं आणि तेलुगूत तिला म्हणाले, रंग बरोबर आहे तुझा. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला एवढं तेलुगू कळतं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, रोज सकाळी मी हे उन्हात नेऊन बघत होते. मला वाटलं, माझे डोळेच चुकतात. डिझाइन करायचंच सोडून दिलं मी."

मी चुकलो, असं म्हटलं. 

प्रोजेक्टर बंद केला. बंद केल्या केल्या तो उचलून नेता येत नाही, आतला दिवा निवेपर्यंत पंखा फिरत राहतो, चार-पाच मिनिटं तरी थांबावं लागतं. मी केबल गुंडाळत उभा राहिलो. सोलापुरात दारात आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत असं होत नाही. त्या घरात मला कोणी विचारलं नाही, आणि पंखा थांबेपर्यंत नरसय्यांनी माग चालू केले नाहीत.